विश्लेषण : नन्सच्या सुधारगृहात बिली हॉलिडेचे काय झाले?

जॅझ गायिका बिली हॉलिडेचे नाव घेतले की केसांत माळलेली पांढरी गार्डेनियाची फुले आठवतात, ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे अंगावर काटा आणणारे गाणे आठवते आणि व्यसनाने चव्वेचाळिसाव्या वर्षी संपलेले आयुष्य आठवते. त्या आयुष्यातील एका पर्वाचा उल्लेख मात्र सहसा दोन ओळींत उरकला जातो. वयाच्या नवव्या वर्षी तिला बाल्टिमोरमधील कॅथलिक नन्सच्या सुधारगृहात पाठवण्यात आले होते. नन्सच्या शाळा, अनाथालये आणि सुधारगृहे यांत शिस्तीच्या नावाखाली मुलींचे काय झाले, याच्या अधिकृत चौकशा गेल्या दोन-तीन दशकांत सुरू झाल्या. बिलीने मात्र ते १९५६ मध्येच छापून ठेवले होते. तेव्हा ते फारसे कुणी मनावर घेतले नाही. असे का झाले असावे?

मुलीचे खरे नाव काय होते?

एलिनोरा. तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फियातील सार्वजनिक रुग्णालयात झाला. आई सॅडी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वडील क्लॅरेन्स हे गिटारवादक. दोघांचे लग्न कधी झाले नाही आणि वडील मुलीच्या वाढीत जवळजवळ नव्हतेच. सॅडी मुलीला घेऊन बाल्टिमोरला आली, पण पोटासाठी तिला रेल्वेगाड्यांवर आणि परगावी घरकामाच्या नोकऱ्या कराव्या लागत. त्या काळात एलिनोरा नातेवाइकांकडे असे. आज या घरी, उद्या त्या घरी.

शाळेत तिचे मन रमले नाही. ती शाळा बुडवू लागली आणि एवढ्यावरूनच प्रकरण बालन्यायालयात गेले. ५ जानेवारी १९२५ रोजी न्यायालयाने तिला योग्य देखभाल आणि पालकत्व नसलेली अल्पवयीन मुलगी ठरवले आणि ‘हाउस ऑफ द गुड शेफर्ड’ या संस्थेत धाडले. ही संस्था खास कृष्णवर्णीय मुलींसाठी होती. वंशभेद पाळणाऱ्या त्या शहरात गोऱ्या आणि काळ्या मुलींना सुधारण्याच्या जागाही वेगळ्या होत्या.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की इंग्रजी माध्यम, कडक इस्त्रीचा गणवेश आणि प्रवेशासाठीची धडपड डोळ्यांसमोर येते. ही संस्था त्या जातीची नव्हती. मुलीला इथे आईबाप घालत नसत, न्यायालय घाले. बाहेर पडण्याचा निर्णयही मुलीच्या किंवा आईच्या हाती नव्हता. कागदोपत्री तिला नंतर आईकडे सोडले गेले, तेव्हा त्यासाठी वापरलेला शब्द होता पॅरोल. शाळा बुडवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी!

लाल झग्याची शिक्षा काय होती?

‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या आत्मचरित्रात बिलीने या संस्थेला काही थोडीच पाने दिली आहेत, पण पुस्तकातील सर्वांत न विसरता येणारी पाने तीच आहेत. आत गेल्यावर मुलीला निळा-पांढरा गणवेश मिळे. तिचे घरचे नाव बाजूला ठेवून तिला दुसरे नाव दिले जाई. आणि जिच्या हातून चूक होई, तिच्या अंगावर एक फाटका लाल झगा चढवला जाई. लाल झगेवालीशी कुणी बोलायचे नाही, तिच्याजवळ जायचे नाही, असा नियम. बाकीच्या निळ्या-पांढऱ्या मुलींमध्ये ती दुरूनही ओळखू यावी, हाच त्या रंगाचा उपयोग.

तिने पाहिलेली पहिली लाल झगेवाली मुलगी आवारातल्या झोपाळ्यावर एकटीच उंच उंच झोके घेत होती. मदर सुपीरियरने जमलेल्या मुलींना सांगितले की देव हिला शासन करील. काही क्षणांत झोपाळा तुटला, मुलगी हवेत फेकली गेली आणि मान मोडून मेली, असे बिली सांगते. इतर मुलींनी यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

मग तिच्यावरच तो झगा घालण्याची पाळी आली. दिवस ईस्टरचे होते. आई भेटायला आली होती ती मोठी टोपली घेऊन. टोपलीत तळलेल्या दोन कोंबड्या आणि डझनभर उकडलेली अंडी. दुसऱ्यांची घरे झाडूनपुसून पैसे मिळवणाऱ्या बाईने सणासाठी काय काय वाचवून ते आणले असेल, याचा अंदाज करावा. मुलगी लाल झग्यात आहे म्हणून नन्सनी ती टोपली इतर मुलींना वाटून टाकली आणि एलिनोराला त्यांचे खाणे बघत बसायला लावले.

शिक्षा तिथे संपली नाही. त्या रात्री तिला इतर मुलींबरोबर झोपू दिले नाही. संस्थेतली एक मुलगी वारली होती आणि तिला जिथे ठेवले होते, त्याच खोलीत हिला कोंडण्यात आले. प्रेताची भीती तिला आधीपासूनच होती. लहानपणी तिची पणजी तिला कुशीत घेऊन झोपली होती आणि झोपेतच गेली, अशी तिची आठवण आहे. त्या खोलीत तिने रात्रभर किंकाळ्या फोडल्या आणि हात रक्तबंबाळ होईपर्यंत दार बडवले. पुढच्या भेटीत तिने आईला बजावले की मला पुन्हा बघायचे असेल तर इथून बाहेर काढ.

या सगळ्यात कुणी तिला छडी मारलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली गेली. आधी नाव, मग कपडे, मग बोलणे, मग आईने आणलेला घास आणि शेवटी झोप. अंगावर वळ उठत नाहीत, त्यामुळे तपासणीला आलेल्या माणसाला दाखवण्यासारखे काही उरत नाही. हातांना झालेल्या जखमाही तिने स्वतःच करून घेतल्या, असे सांगता येते.

हे सारे खरे मानायचे का?

हा प्रश्न रास्त आहे, कारण ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे पुस्तक तपशिलांच्या बाबतीत बेभरवशाचे म्हणूनच प्रसिद्ध आहे. पत्रकार विल्यम डफ्टी यांनी तिच्याशी बोलून ते लिहून काढले. त्यात तिचा जन्म बाल्टिमोरमध्ये झाल्याचे म्हटले आहे. तो झाला फिलाडेल्फियात. आईवडिलांच्या लग्नाचा उल्लेख पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला येतो. ते लग्न झालेच नव्हते. आईचे वय तर इतके कमी सांगितले आहे की हिशेब जुळत नाही. चरित्रकारांनी ही ठिगळे एकेक करून उसवली आणि पुढे अनेक वाचकांनी पुस्तकातील सगळ्याच कडू गोष्टी भडक करून सांगितलेल्या, असा निकाल देऊन टाकला.

पण सुधारगृहाबाबत कागदपत्रे काय सांगतात ते पाहू. पुस्तक वाचून वाटते की ती तिथे एकदाच गेली, तीही एका लैंगिक हल्ल्यानंतर. प्रत्यक्षात ती दोनदा गेली. पहिल्यांदा ५ जानेवारी १९२५ पासून ३ ऑक्टोबर १९२५ पर्यंत, म्हणजे जवळपास नऊ महिने. दुसऱ्यांदा डिसेंबर १९२६ अखेरीपासून फेब्रुवारी १९२७ पर्यंत. हल्ला झाला तो दुसऱ्या वेळी. आता ईस्टरचे बघा. १९२५ मध्ये ईस्टर १२ एप्रिलला होता, म्हणजे पहिल्या मुक्कामात. दुसऱ्या मुक्कामात ईस्टर येतच नाही. तेव्हा टोपलीची आणि बंद खोलीची आठवण खरी असेल, तर ती पहिल्या मुक्कामातली. तिचा दहावा वाढदिवस ७ एप्रिलला, त्या ईस्टरच्या पाच दिवस आधी होता. आणि १९ मार्चला, साडेतीन आठवड्यांपूर्वी, याच संस्थेत तिचा बाप्तिस्मा झाला होता.

याचा अर्थ तिने दोन मुक्काम एकत्र गुंफले. खोटे बोलण्यापेक्षा हे वेगळे आहे. लहानपणी ज्याला दोनदा एकाच दाराआड कोंडले, त्याच्या मनात पुढे तीस वर्षांनी ते दार एकच राहिले तर नवल नाही. मेलेल्या मुलीच्या खोलीचा पुरावा कागदावर नाही, हे खरे; पण अशा शिक्षेची नोंद ठेवणारी वही कुठल्या संस्थेत असते? झोपाळ्याच्या गोष्टीबाबत शंका घ्यायला अधिक जागा आहे. देव शासन करील म्हणताक्षणी दोरी तुटते, हे मुलींच्या वसतिगृहात एकीकडून दुसरीकडे पसरणाऱ्या दंतकथेसारखे वाटते. पण ती दंतकथा असली तरी भीतीची आहे, आणि ती भीती कुणीतरी पेरली होती.

अत्याचार झालेल्या मुलीलाच का कोंडले?

३ ऑक्टोबरला सुटल्यावर एलिनोरा आईकडे राहू लागली. आईने छोटे खाद्यगृह चालवायला घेतले होते आणि दोघी उशिरापर्यंत राबत. अकराव्या वर्षी मुलीची शाळा सुटली ती कायमची. २४ डिसेंबर १९२६ रोजी आई घरी आली तेव्हा एक शेजारी मुलीवर बलात्कार करण्याचा प्रयत्न करत होता. मुलीने जिवाच्या आकांताने प्रतिकार केला होता. त्याला अटक झाली. आणि मुलीला? तिला पुन्हा ‘हाउस ऑफ द गुड शेफर्ड’मध्ये ठेवण्यात आले, खटल्यातील सरकारी साक्षीदार म्हणून, तिच्या संरक्षणासाठी. नाताळच्या आदल्या दिवशीची ही घटना. फेब्रुवारीत ती सुटली तेव्हा बारावे वर्षही पुरे झाले नव्हते.

दीड वर्षापूर्वी जिथे शिक्षा भोगली, तिथेच आता संरक्षण म्हणून ठेवले जाते, तेव्हा त्या मुलीला दोहोंत फरक कसा कळावा? या इतिहासातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अशा संस्थांत अनाथ मुलगी, शाळा बुडवणारी मुलगी आणि अत्याचार सोसलेली मुलगी यांना एकाच छपराखाली, एकाच शिस्तीत ठेवले जाई. पाप करणारी आणि जिच्यावर पाप झाले ती, दोघींनाही पश्चात्तापाची गरज आहे, असा त्यामागचा समज. न्यायालयांना हे सोयीचे होते. खर्च वाचे आणि प्रश्न नजरेआड होई. म्हणून दोष एकट्या नन्सवर टाकून शासनव्यवस्थेला मोकळे सोडता येत नाही.

दुसरी बाजूही त्याच शहरात होती, तिचा उल्लेख केला पाहिजे. कृष्णवर्णीय मुलांना शिकवायला कुणी तयार नसताना, १८२९ मध्ये, बाल्टिमोरमध्येच ‘ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स’ हा कृष्णवर्णीय नन्सचा संघ स्थापन झाला आणि त्यांनी काढलेल्या शाळेत मुलींच्या पिढ्या शिकल्या.

एलिनोराची बिली कशी झाली?

सुटल्यानंतर ती पायऱ्या आणि फरशा घासण्याची कामे करू लागली. एका कुंटणखान्यात वरकड कामे करताना तिथल्या ग्रामोफोनवर तिने लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ ऐकले. पुढे आईपाठोपाठ ती न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली. तिथे मायलेकी ज्या घरात राहत, तिथे देहविक्रय चाले. मे १९२९ मध्ये पोलिसांचा छापा पडला. चौदा वर्षांच्या मुलीचा वापर करणाऱ्यांऐवजी मुलगीच दोषी ठरली आणि बेटावरच्या श्रमगृहात तिची रवानगी झाली. ऑक्टोबरमध्ये ती सुटली. ही तिसरी कोंडी.

मग मात्र गाणे आले. हार्लेममधल्या छोट्या क्लबांत ती टेबलांमधून फिरत गाऊ लागली. बिली हे नाव तिने चित्रपट अभिनेत्री बिली डव्हवरून घेतले आणि आडनाव बापाचे. १९३३ मध्ये निर्माते जॉन हॅमंड यांनी तिला ऐकले आणि त्याच वर्षी बेनी गुडमन यांच्याबरोबर तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. १९३५ पासून टेडी विल्सन यांच्याबरोबरच्या तबकड्यांनी तिचे नाव देशभर गेले. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांनी तिला ‘लेडी डे’ म्हणायला सुरुवात केली. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात आणि नंतर आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वाद्यवृंदात ती गायली. शॉ यांच्याकडे असताना न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात तिला पाहुण्यांच्या लिफ्टऐवजी मालाच्या लिफ्टने ये-जा करायला सांगितले गेले.

१९३९ मध्ये ‘कॅफे सोसायटी’त तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायला सुरुवात केली. ब्राँक्समधल्या एबल मीरोपोल या शाळाशिक्षकाने लिहिलेले हे गाणे दक्षिणेत झुंडीने झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांविषयी आहे. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते मुद्रित करायला नकार दिला. ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीने ते केले. १९४१ मध्ये ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ आले. आईकडे पैसे मागितले, तिने नाही म्हटले आणि त्या भांडणातून हे गाणे सुचले, असे ती सांगते. मात्र शीर्षकातले ते लेकरू ऐकताना ईस्टरची टोपली आठवल्याशिवाय राहत नाही.

नन्सच्या त्या घरातून ती गाण्याचे काही घेऊन निघाली का? अभ्यासक ट्रेसी फेसेंडन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तिच्या भोवतालच्या धर्माचा शोध घेतला आहे आणि सुधारगृहातल्या कॅथलिक उपासनेच्या संगीताकडे लक्ष वेधले आहे. लांबवलेला, फारसा न चढणारा-उतरणारा, श्वासाच्या अंतराने चालणारा स्वर बिलीच्या गाण्यात आहे, एवढे कुणीही कानाने ताडून पाहू शकतो. ज्या दाराआड तिने हात फोडून घेतले, त्याच भिंतींमध्ये तिने रोज समूहाने गायलेली प्रार्थनाही ऐकली. तिने कॅथलिक धर्म कधी सोडला नाही. आईही शेवटपर्यंत भाविक कॅथलिक राहिली.

पुढच्या आयुष्यात काय बदलले?

आई १९४५ मध्ये गेली. हेरॉइनने तोवर बिलीचा ताबा घेतला होता. मे १९४७ मध्ये तिला अटक झाली. तिने गुन्हा कबूल केला आणि उपचारासाठी रुग्णालयात पाठवावे अशी विनंती केली. तिला मिळाला एक वर्ष आणि एका दिवसाचा तुरुंगवास, वेस्ट व्हर्जिनियातील अ‍ॅल्डरसन इथे. तिथे आपण एक सूरही लावला नाही, असे तिने नंतर सांगितले. सुटल्यावर मार्च १९४८ मध्ये कार्नेगी हॉल खच्चून भरला, पण न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या ठिकाणी गाण्यासाठी लागणारा पोलिसांचा परवाना तिला परत मिळाला नाही. जिथे तिचे गाणे जन्मले, तेच क्लब तिला बंद झाले.

नन्सच्या संस्थांविषयी इतरांचे बोलणे कधी ऐकले गेले?

फार उशिरा. ‘गुड शेफर्ड’ हे नाव एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील अँजे इथे सुरू झालेल्या नन्सच्या संघाशी जोडलेले आहे. आयर्लंडमधल्या कुप्रसिद्ध मॅग्डेलीन धुलाईगृहांपैकी काही याच संघाकडे होती. तिथे मुली आणि स्त्रिया बिनपगारी कपडे धूत आणि तिथेही त्यांची नावे बदलली जात. २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा रायन अहवाल आला. धर्मसंघांच्या औद्योगिक शाळांतील मारहाण, उपासमार आणि अपमान यांची त्यात खंडच्या खंड भरून नोंद आहे. मुलींच्या बहुतेक शाळा नन्सकडे होत्या. धुलाईगृहांबद्दल सरकारने माफी मागितली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथील सेंट जोसेफ अनाथालयाचे प्रकरण बिलीच्या कथेला अधिक जवळचे आहे. तिथल्या माजी मुलांनी १९९० च्या दशकात खटले भरले तेव्हा त्यांच्या आठवणींतील तारखा आणि तपशील जुळत नाहीत म्हणून त्यांना कोंडीत पकडले गेले. २०१८ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या शोधलेखानंतर राज्याने चौकशी पथक नेमले. डिसेंबर २०२० च्या अहवालाने मुलांवर अत्याचार झाल्याचे मान्य केले. मुलांच्या हत्या झाल्याच्या आरोपांना मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही. म्हणजे इथेही तेच. झोपाळ्याची गोष्ट सिद्ध होत नाही, पण लाल झगा नाकारता येत नाही.

शेवट कसा झाला?

१९५६ मध्ये आत्मचरित्र आले आणि नोव्हेंबरमध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यातील उतारे वाचत मैफली झाल्या. पण यकृत साथ सोडत चालले होते. मार्च १९५९ मध्ये लेस्टर यंग गेले. ३१ मे रोजी बिलीला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात हलवण्यात आले. १२ जून रोजी खोलीत अमली पदार्थ सापडल्याचे सांगून पोलिसांनी तिला रुग्णशय्येवरच अटक केली, बोटांचे ठसे घेतले आणि दारावर पहारा बसवला. १५ जुलैला तिला मरणासन्नांसाठीचा कॅथलिक संस्कार देण्यात आला. १७ जुलैच्या पहाटे ती गेली. बँकेत सत्तर सेंट होते आणि अंगाशी बांधलेले साडेसातशे डॉलर.

२१ जुलै रोजी मॅनहॅटनमधील सेंट पॉल द अपॉसल चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली. सुमारे तीन हजार लोक जमले होते. ब्राँक्समधील सेंट रेमंड्स या कॅथलिक दफनभूमीत, जिथे आईलाही पुरले होते, तिथे तिचे दफन झाले.